गाठीचा गेलेला काळ आणि येणारा काळ

कर्करोगाची गाठ डॉक्टरांच्या हाती लागते तेव्हा तिचे बहुतेक आयुष्य सरलेले असते. बायोप्सीचा तुकडा एका दिवसाचा. त्यातल्या पेशींची वाटचाल मात्र कित्येकदा दहा, वीस, तीस वर्षांची. ती कोणी पाहिलेली नसते. पहिली पेशी कधी बिघडली, तिच्या कोणत्या वंशजांनी जोर धरला, कोणते विरून गेले, कोणी रक्तातून यकृतापर्यंत मजल मारली, याची नोंद उरते ती पेशींच्या डीएनएत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही नोंद वाचण्याचे तंत्र हाती आले आणि तिचा अर्थ लावण्यासाठी संगणकीय जीवशास्त्र कर्करोग संशोधनाच्या मध्यभागी येऊन बसले. या प्रयत्नातून काय हाती आले आणि गाडी कुठे अडली, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. भूतकाळ वाचण्यात या शास्त्राने थक्क करणारी मजल मारली आहे. पुढे काय होईल हे सांगण्यात ते अजून कच्चे आहे. आणि ही उणीव नुसती मोठी यंत्रे आणि नवे अल्गोरिदम आणून भरून निघणार नाही. त्यासाठी नमुने वेगळ्या वेळी, वेगळ्या ऊतींतून आणि वेगळ्या माणसांकडून घ्यावे लागतील.

या विचाराचे बीज डीएनए वाचता येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. गुणसूत्रांच्या बिघाडातून गाठी होतात, असे जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ सालीच मांडले होते. १९५४ मध्ये पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल यांनी केवळ मृत्यूच्या नोंदी हाताशी घेऊन एक विलक्षण गणित केले. अनेक कर्करोगांत मृत्यूचे प्रमाण वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, असे त्यांना दिसले. त्यावरून पेशीत एकामागून एक सहा-सात बदल व्हावे लागत असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. एकही जनुक न पाहता काढलेला हा अंदाज होता. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमाच्या आकडेवारीवरून एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात हे दाखवले. आणि १९७६ मध्ये पीटर नोवेल यांनी ‘सायन्स’मध्ये तो लेख लिहिला ज्यावर हे सगळे क्षेत्र आज उभे आहे. गाठ म्हणजे एकसारख्या पेशींचा गोळा नव्हे. तिच्यात पेशींची घराणी आहेत, त्यांच्यात सतत नवे फरक पडतात आणि परिस्थितीला जे घराणे मानवते ते वाढते. डार्विनची नैसर्गिक निवड एका शरीराच्या आत, एका माणसाच्या हयातीत चालू असते, हे त्यांचे म्हणणे. ते पडताळून पाहण्याचे साधन मात्र त्या काळी नव्हते.

साधन आले ते २००८ मध्ये. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या एका रुग्णाचा पूर्ण जीनोम, निरोगी पेशींचा आणि कर्करोगी पेशींचाही, वाचून दोन्ही शेजारी ठेवले. मग लोंढाच सुरू झाला. ‘द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ या अमेरिकी प्रकल्पात ३३ प्रकारच्या कर्करोगांचे ११ हजारांहून अधिक रुग्णांचे नमुने वाचले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने ३८ प्रकारच्या गाठींतल्या २,६५८ संपूर्ण जीनोमचे विश्लेषण एकत्र प्रसिद्ध केले. त्यातला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: एका गाठीत रोगाला खरोखर पुढे ढकलणारी, ज्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणतात ती म्युटेशन (डीएनएतले बदल) सरासरी चार-पाच सापडली. आर्मिटेज आणि डॉल यांच्या सहा-सातपासून हा आकडा फार दूर नाही. मात्र सुमारे पाच टक्के गाठींत एकही ड्रायव्हर ओळखता आला नाही.

हजारो म्युटेशनांतून ही चार-पाच ओळखायची कशी? इथेच संगणकीय जीवशास्त्र पहिला धडा शिकले आणि तो महागात पडला. साधा मार्ग असा होता की जे जनुक अनेक रुग्णांत वारंवार बदललेले दिसते ते दोषी. नमुने वाढत गेले तशी दोषींची यादी फुगत गेली आणि तिच्यात टायटिन हे स्नायूंतल्या प्रथिनाचे जनुक आणि वास ओळखणाऱ्या ग्राहकांची जनुके दिसू लागली. फुफ्फुसाच्या कर्करोगात वासाच्या जनुकांचे काय काम? २०१३ मध्ये ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या गटाने उत्तर दिले. टायटिनचे जनुक अवाढव्य लांब आहे, म्हणून त्यात योगायोगानेही बदल जास्त पडतात. वासाची जनुके फुफ्फुसात वापरात नसतात आणि पेशीविभाजनाच्या वेळी त्यांची नक्कल उशिरा होते. अशा भागांत चुका अधिक होतात आणि कमी दुरुस्त होतात. म्हणजे म्युटेशन मोजणे पुरेसे नाही. त्या जागी, त्या ऊतीत, निवडीचा काही संबंध नसताना किती पडली असती, याचा अंदाज आधी बांधावा लागतो आणि जास्तीचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा लागतो. आजच्या सगळ्या चांगल्या पद्धती हेच करतात. माहिती वाढली की सत्य आपोआप वर येते, हा समज या प्रकरणाने खोटा ठरवला. माहिती वाढली तसे खोटे दोषीही वाढले होते.

ड्रायव्हर नसलेल्या याच ‘निरुपयोगी’ म्युटेशनांनी पुढे मोठे दान दिले. डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलाचे सहा प्रकार आहेत. बदललेल्या अक्षराच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यासह मोजले तर ९६ होतात. प्रत्येक गाठीत या ९६ प्रकारांचे प्रमाण वेगळे असते. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये लुडमिल अलेक्झांड्रॉव्ह, माईक स्ट्रॅटन आणि सहकाऱ्यांनी प्रश्न असा घातला की या प्रमाणांच्या मागे काही मोजक्याच मूळ प्रक्रिया असतील का? मिरवणुकीच्या अनेक ध्वनिमुद्रणांतून, ढोल किती, ताशा किती, झांज किती वाजते हे कोणी न सांगता वेगळे काढावे, तसे हे गणित आहे. २०१३ मध्ये त्यांनी ७,०४२ कर्करोगांतल्या जवळजवळ ५० लाख म्युटेशनांतून २१ ठसे वेगळे केले. एक ठसा तंबाखूच्या धुराचा निघाला, एक उन्हातल्या अतिनील किरणांचा, एक पेशीच्याच अपोबेक नावाच्या एन्झाइमांचा. एक ठसा वयाबरोबर घड्याळासारखा सावकाश वाढत जाणारा होता; त्याचा उपयोग पुढे काळ मोजायला झाला.

या ठशांतून निघालेले काही आकडे मन हलवतात. दिवसाला एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली, तर फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० म्युटेशनांची भर पडते, असा हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला. त्याची दुसरी बाजू २०२० मध्ये आली: सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेच्या अस्तरात जवळजवळ निर्दोष पेशींचा एक गट पुन्हा पसरलेला आढळला. सिगारेट सोडणाऱ्याला यापेक्षा ठोस आधार कोणता देता येईल? अ‍ॅरिस्टोलोकिया वनस्पतींतल्या आम्लाचा ठसा तर पोलिसी तपासासारखा उपयोगी पडला. तैवानमधल्या यकृताच्या कर्करोगांत तो मोठ्या प्रमाणावर सापडला आणि वनौषधींच्या वापराकडे बोट गेले. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसंद, याच वनस्पतींपैकी आहे, हे इथे नोंदवून ठेवावे. तरीही या पद्धतीची मर्यादा मोठी आहे. किती ठसे वेगळे काढायचे हे काही अंशी विश्लेषकाच्या निवडीवर ठरते, एकमेकांसारखे दिसणारे सपाट ठसे एकमेकांत मिसळतात, आणि ओळखलेल्या अनेक ठशांचे कारण आजही माहीत नाही.

ठसे कारण सांगतात, क्रम सांगत नाहीत. रोग कसा वाढला हे कळायला क्रम हवा, आणि या शास्त्राचे सगळ्यात सुंदर गणित इथे आहे. समजा, एक म्युटेशन गाठीतल्या सगळ्या कर्करोगी पेशींत, गुणसूत्राच्या दोनपैकी एका प्रतीवर आहे. मग डीएनएच्या वाचलेल्या तुकड्यांपैकी निम्म्यांत ते दिसायला हवे. पण नमुन्यात निरोगी पेशीही मिसळलेल्या असतात. कर्करोगी पेशी ६० टक्केच असतील तर ते ३० टक्के तुकड्यांत दिसेल. १५ टक्क्यांत दिसणारे म्युटेशन बहुधा निम्म्याच कर्करोगी पेशींत आहे, म्हणजे ते नंतर आले. बहुधा अशासाठी, की त्या जागी गुणसूत्राच्या जादा प्रती असतील तर सगळा हिशेब बदलतो. म्हणून आधी नमुन्याची शुद्धता आणि प्रतींची संख्या काढावी लागते, मग म्युटेशनांचे गट पाडावे लागतात, आणि मग गटांतून वंशवृक्ष उभा करावा लागतो. एक गट ७० टक्के पेशींत आणि दुसरा ५० टक्के पेशींत असेल, तर बेरीज शंभराच्या वर जाते. म्हणजे दोन्ही बदल काही पेशींत एकत्र आहेतच आणि दुसरा गट पहिल्याच्या वंशात जन्मला असला पाहिजे. पण आकडे ४० आणि ३० असतील तर? तेव्हा दुसरा पहिल्याच्या पोटातला की वेगळ्याच फांदीवरचा, हे या एका नमुन्यातून सांगता येत नाही. प्रत्यक्षात अशी स्थिती वारंवार येते. संगणक अनेक वृक्ष देतो, ते सगळे माहितीशी जुळतात, आणि छापलेल्या लेखात मात्र एकच नीटनेटके चित्र दिसते. ही सवय मला खटकते. वाचकाला किती वृक्ष शक्य होते हे सांगितलेच पाहिजे.

हा घोळ सोडवण्याचा उपाय म्हणजे एकाच गाठीचे अनेक तुकडे घेणे. २०१२ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स स्वाँटन यांच्या गटाने मूत्रपिंडाच्या गाठींचे असे तुकडे तपासले. सुमारे दोन तृतीयांश म्युटेशन सगळ्या तुकड्यांत सारखी नव्हती. एका सुईने घेतलेला नमुना पूर्ण गाठीविषयी बोलू शकत नाही, हे त्या दिवसापासून नाकारता येईनासे झाले. त्यातून ब्रिटनमध्ये ट्रेसर-एक्स हा प्रकल्प उभा राहिला, ज्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा शस्त्रक्रियेपासून पुढे वर्षानुवर्षे मागोवा घेतला जातो. २०१७ मध्ये पहिल्या १०० रुग्णांचे निष्कर्ष आले. रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका एकेका अक्षराच्या बदलांतल्या विविधतेशी जोडलेला नव्हता; गुणसूत्रांच्या तुकड्यांची उलथापालथ गाठीच्या वेगवेगळ्या भागांत किती वेगळी आहे, याच्याशी तो जोडलेला होता. अनेक वर्षे संशोधकांचे लक्ष एकेका अक्षरावर खिळलेले होते, कारण ते मोजणे सोपे होते. धोका मोठ्या तुकड्यांत दडला होता.

गुणसूत्रांची हीच उलथापालथ घड्याळही पुरवते. गुणसूत्राचा एखादा भाग दुप्पट होण्याआधी पडलेले म्युटेशन दोन्ही प्रतींवर उमटते, नंतर पडलेले एकाच प्रतीवर राहते. दोन्हींचे प्रमाण पाहिले की तो भाग लवकर दुप्पट झाला की उशिरा, हे कळते. वयाबरोबर वाढणाऱ्या ठशाची गती ठाऊक असेल तर वर्षांतही सांगता येते. या मार्गाने २०१८ मध्ये मूत्रपिंडाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगाविषयी जे निघाले ते वाचून मी थबकलो. तिसऱ्या गुणसूत्राचा एक हात गळून पडणे ही त्या रोगाची सुरुवातीची घटना, आणि ती अनेक रुग्णांत बालपणी किंवा पौगंडावस्थेत घडून गेली होती. रोगाचे निदान साठीत. मधली चाळीस-पन्नास वर्षे काही शेकडा पेशींचे ते घराणे गप्प होते. २,६५८ जीनोमच्या अभ्यासानेही इतर अनेक कर्करोगांत सुरुवातीची म्युटेशन निदानाच्या वर्षे ते दशके आधीची असल्याचे दाखवले. लवकर निदानाला किती मोठी सवड आहे, हे यातून मोजून समजले.

एकेका पेशीचा जीनोम वाचण्याचे तंत्र २०११ मध्ये निकोलस नेव्हिन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठीवर वापरून दाखवले आणि मिश्रणातून तर्क करण्याची गरज बरीच कमी झाली. पण एका पेशीतला डीएनए इतका थोडा असतो की वाचण्यापूर्वी त्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात आणि त्यात मूळची एखादी प्रत हरवते. असलेले म्युटेशन नसल्यासारखे दिसते. त्यामुळे गणित सुटले नाही, फक्त बदलले.

आता त्या शोधाकडे वळतो ज्याने या क्षेत्राची पायाभूत समजूतच हलवली. २०१५ मध्ये इनिगो मार्टिनकोरेना यांच्या गटाने पापणीवरच्या निरोगी त्वचेचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेत काढलेली, डोळ्यांना पूर्ण स्वच्छ दिसणारी ती त्वचा. तिच्यातल्या सुमारे एक चतुर्थांश पेशींत कर्करोगाला पुढे ढकलणारी म्हणून ओळखली जाणारी म्युटेशन होती. २०१८ मध्ये अन्ननलिकेत तर आणखी चमत्कारिक चित्र दिसले: नॉच-१ या जनुकातली म्युटेशन निरोगी अन्ननलिकेत कर्करोगापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात होती. मग ते कर्करोगाचे ड्रायव्हर कसे? उलट, काही घराणी वाढून अधिक धोकादायक घराण्यांची जागा अडवत असावीत, अशी शक्यता समोर आली. कर्करोगाच्या गाठींची तुलना इतकी वर्षे कशाशी होत होती? बहुतेक वेळा त्याच रुग्णाच्या रक्ताशी. शेजारच्या निरोगी ऊतीत काय चालले आहे हे फारसे कोणी पाहिले नव्हते. म्हणून यादीत जनुक असणे म्हणजे रोग पुढे जाणे नव्हे, हे आता मान्य करावे लागते. कोणत्या वयात, कोणत्या ऊतीत, कोणत्या शेजाऱ्यांत आणि कशाच्या आधी-नंतर तो बदल झाला, हे ठरवल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

निवड नेहमीच चालू असते का, यावरही वाद झाला. अँड्रिया सोटोरिव्हा, ट्रेव्हर ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असे मांडले की बऱ्याच गाठींत सुरुवातीच्या काही बदलांनंतर पुढचा विस्तार निवडीविना, केवळ पसरत जाण्याने झालेला दिसतो. त्यावर इतरांनी दाखवले की निवड चालू असतानाही आकड्यांत तसेच चित्र दिसू शकते. मला या वादात दुसरी बाजू अधिक पटते, पण पहिल्या बाजूने केलेली सेवा मोठी आहे: काहीच विशेष घडले नसते तर माहिती कशी दिसली असती, हा प्रश्न तिने सगळ्यांना विचारायला लावला. शिवाय एक अडचण दोन्ही बाजूंना सारखीच आहे. जी घराणी नष्ट झाली त्यांचा मागमूस नमुन्यात नसतो. आपण वाचतो तो जिंकलेल्यांचा इतिहास.

पुढे काय होईल, या प्रश्नाकडे आले की फुफ्फुसाचा कर्करोग डोळ्यांसमोर येतो. ईजीएफआर जनुकात म्युटेशन असलेल्या रुग्णांना गेफिटिनिबसारखी गोळी सुरू केली की गाठ झपाट्याने आटते. बहुतेकांत वर्ष-दीड वर्षात ती परतते, आणि सुमारे निम्म्या जणांत कारण एकच असते: त्याच जनुकातला टी७९०एम हा बदल, जो २००५ मध्ये ओळखला गेला. त्यावर ओसिमेर्टिनिब आले. त्यालाही पुरून उरणारे बदल निघाले. नोवेल यांनी १९७६ मध्ये सांगितलेले हेच. औषध निवडीची दिशा बदलते. इथे भाकीत काही अंशी जमते, कारण वाटा थोड्या आहेत. रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएवरून पाळत ठेवणेही शक्य झाले आहे. ट्रेसर-एक्सच्या गटाने रुग्णाच्या वंशवृक्षातलीच म्युटेशन रक्तात शोधून काही जणांत स्कॅनच्या आधी रोग परतल्याचे ओळखले.

फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये रॉबर्ट गेटनबी यांनी त्याच्याही पुढे जाऊन उपचाराचीच रीत बदलून पाहिली. पूर्ण मात्रा सतत दिली तर औषधाला जुमानणाऱ्या सगळ्या पेशी मरतात आणि न जुमानणाऱ्यांना मोकळे रान मिळते. म्हणून प्रोस्टेटच्या कर्करोगात रक्तातले पीएसए हे प्रथिन निम्म्यावर आले की अबिराटेरोन हे औषध थांबवायचे, ते पूर्वीच्या पातळीवर पोहोचले की पुन्हा सुरू करायचे. औषधाला जुमानणाऱ्या पेशींनीच इतरांना दाबून ठेवावे, हा हेतू. कधी थांबायचे हे परिसंस्थेतल्या स्पर्धेच्या समीकरणांवरून ठरवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात ११ रुग्ण होते आणि रोग वाढायला लागणारा काळ लक्षणीय लांबलेला दिसला. रुग्ण थोडे, तुलना यादृच्छिक विभागणीतून केलेली नव्हे, त्यामुळे याला पुरावा म्हणण्याची घाई करू नये. तरी उपचारात उत्क्रांतीचे गणित थेट उतरवण्याचा हा खरा प्रयोग आहे आणि म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

भारतापुरते बोलायचे तर ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण होतात. तोंडाचा कर्करोग हा आपला खास शाप आहे. त्यामागे आहेत गुटखा, तंबाखू-चुना आणि महाराष्ट्रात मिश्री. कर्करोगांच्या आंतरराष्ट्रीय जीनोम प्रकल्पात भारताने हाच रोग घेतला. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी २०१३ मध्ये हिरडी आणि गालाच्या कर्करोगाचा आराखडा प्रसिद्ध केला. टीपी५३, कॅस्प८, नॉच-१ यांसारख्या परिचित जनुकांबरोबर त्यात यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी नवी नावे आली. पण जगातल्या साठ्यांत बहुसंख्य नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत आणि त्याचा त्रास थेट होतो. आपल्यात जन्मतःच असलेला एखादा साधा फरक त्या साठ्यात नोंदवलेला नसला, की सॉफ्टवेअर त्याला गाठीतले नवे म्युटेशन समजते. हे टाळण्यासाठी अ‍ॅक्ट्रेकमध्ये अमित दत्त यांच्या गटाने भारतीय रुग्णांच्या निरोगी नमुन्यांतून टीएमसी-एसएनपीडीबी हा साठा उभारला आणि २०१६ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. जीनोमइंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले. ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाली.

यापुढचे काम कोणते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. केंब्रिजच्या रेबेका फिट्झगेराल्ड आणि मॉरिट्झ गेरस्टुंग यांच्या गटांनी २०२० मध्ये बॅरेट अन्ननलिका हा कर्करोगाआधीचा बिघाड असलेल्या लोकांचे वर्षानुवर्षे जपून ठेवलेले बायोप्सीचे तुकडे स्वस्तात, वरवर वाचले आणि गुणसूत्रांच्या उलथापालथीवरून कोणाला कर्करोग होणार हे काही जणांत दहा वर्षे आधी ओळखता येते असे दाखवले. या यशाचे श्रेय अल्गोरिदमपेक्षा त्या जपलेल्या तुकड्यांना जास्त आहे. आपल्याकडे तोंडातले पांढरे चट्टे आणि सुपारीमुळे तोंड उघडेनासे करणारा सबम्युकस फायब्रोसिस हे दंतवैद्यांच्या खुर्चीत रोज दिसतात. त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, काहींना होतो. अन्ननलिकेच्या मानाने तोंड तपासायला कितीतरी सोपे. दुर्बीण घालावी लागत नाही, दर सहा महिन्यांनी त्याच जागेचा नमुना घेता येतो. धुराच्या ठशाचे ज्ञान इथे उसने घेऊन भागणार नाही, कारण जळणारी आणि चघळली जाणारी तंबाखू पेशीपर्यंत वेगवेगळी रसायने पोहोचवते. हजारो माणसांचे असे नमुने दहा वर्षे, रोग होवो न होवो, संमतीने घेऊन जपायला शीतगृह, नोंदणी आणि रुग्णाशी संपर्क ठेवणारी माणसे लागतात. मुंबई, नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय आणि इतर दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत हे चट्टे असलेली माणसे आजही रांगेत बसलेली असतात.